केंजळ्यांची सही

पाषाण रस्त्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत
रसायनांच्या खोलीची किल्ली केंजळ्यांच्या पट्ट्याला असायची.
साडेपाचला बंद म्हणजे बंद.
पाच वीसला गेलं तरी म्हणायचे, "उद्या या."

प्लॅटिनमचं लाल मीठ मागितलं की
आधी चष्मा पुसायचे, मग तराजूची काच,
मग माझ्याकडे असं बघायचे
की मी त्यांच्या सुनेच्या पाटल्या मागतेय.
महिन्याला दोनशे मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा नाही.
कागदाला चिकटलेला कण टिचकी मारून पाडायचे
बाटलीत. माझ्या नव्हे, त्यांच्या.
"सांडलं तर तुमच्या शिष्यवृत्तीतून. करा सही."
नऊ वर्षांत त्या वहीत बिडकर झिजत झिजत
नुसता बि आणि एक टिंब उरला.

आता एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीशी रेक्झिनच्या खुर्चीत केंजळे.
आधी नुसतं सलाईन, लिटरवर लिटर,
मूत्रपिंडांना सावध करायला.
मग तपकिरी पिशवी घातलेली बाटली;
उजेड सोसत नाही तिला.
"किती?" त्यांनी नर्सला विचारलं.
"एकशेवीस मिलिग्रॅम, काका."
त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मळमळतंय.
ते हिशोब करत होते.
"म्हणजे धातू अठ्ठ्याहत्तर.
बिडकर, तुमचे तीन आठवडे गेले की हो एका दुपारी."

थोड्या वेळानं: "इतकी वर्षं मोजून दिलं,
करतं काय ते कधी विचारलं नाही."
मी चादरीवर बोटानं काढलं:
चौरंग, मधोमध धातू, चार कोपऱ्यांवर चौघं.
दोन क्लोरीन मांडीला मांडी लावून बसले तर औषध.
समोरासमोर बसले तर तेच चौघं, तेच वजन,
आणि उपयोग शून्य.
"पंगतीत तेच," केंजळे म्हणाले,
"समोरचा नुसता बघतो. आग्रह शेजारचाच."

पेशीत शिरल्यावर ते दोघं उठून जातात.
रिकाम्या दोन हातांनी धातू धरतो
पेशीच्या पोथीतली दोन लगतची अक्षरं,
टाचणी मारावी तशी. पान मुडपतं.
नक्कल करणारा तिथे येऊन अडतो
आणि दुकान बंद होतं.
शेजारची चांगली चाललेली दुकानंही होतात.
म्हणून केंजळ्यांच्या कानात प्रेशर कुकर वाजतो दिवसभर,
म्हणून बोटांना मुंग्या,
म्हणून चहाला किल्लीची चव.

"आणि तुमचं ते पिवळं? पॅलॅडियमचं?"
चाललंय, म्हणाले.
हे नाही सांगितलं की पॅलॅडियम त्याच घराण्यातलं
पण लाखपट उतावीळ,
वाटेत भेटेल त्याच्याशी हातमिळवणी करतं,
पेशीच्या दारात पोचेस्तो खिसा रिकामा.
की त्याला जखडायला चौथा सांगाडा बांधतेय.
की बशीतल्या पेशी मरतात
आणि उंदरातली गाठ तशीच राहते.
की फेब्रुवारीतली सत्ताविसावी बॅच
रात्रीत काळी पडली, तव्याच्या बुडासारखी.
ते ऐकून त्यांनी एवढंच विचारलं असतं:
किती वाया गेलं?

सलाईनचा स्टँड ढकलत ते मोरीत जाऊन आले.
"यातलं बरंच आता मुठेत जाणार," म्हणाले,
"परतीचा रकानाच नाही."
खाली कर्वे रस्त्यावर कुणीतरी उगाच हॉर्न दाबून धरला होता.
त्यांना तो ऐकू आला की कुकरच, कळलं नाही.

नर्सनं कागद पुढे केला, औषध दिल्याची पोच.
केंजळ्यांनी पेन धरलं. पेन सुटलं.
परत धरलं. सुटलं.
"करा सही," मला म्हणाले.
मी सवयीनं बि काढला, टिंब देणार
तेवढ्यात त्यांचं बधिर बोट कागदावर आलं.
"पूर्ण नाव, बिडकर.
हा माल टिंबावर सुटत नाही."